‘पायरेट’ आणि ‘प्रायव्हेटियर’ : आंग्र्यांच्या आरमारास लाविलेल्या दोन इंग्रजी शब्दांचा विचार

अलिबागेच्या उत्तरेस सुमारें सहा मैलांवर अष्टागरांतील किहीम हा गांव आहे. तेथील पुळणीवरून नैर्ऋत्येकडे पाहिलें असतां खांदेरी व उंदेरी हीं बेटें दृष्टीस पडतात. उत्तरेच्या बाजूस मुंबई बंदराचें तोंड आहे. मुंबईहून दक्षिणेस जाणाऱ्या गलबतांचा मार्ग याच पाण्यावरून जातो. इ. स. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं खांदेरी बांधावयास घेतली, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं तेथें जहाजें पाठवून अडथळा केला व पुढील वर्षाच्या आरंभीं तो उठविला. एक राज्य व एक कंपनी यांमधील लढाई म्हणून ती झाली व तशीच ती मिटली. परंतु पुढें चाळीस वर्षांच्या आंत त्याच बेटावरून, त्याच राज्याच्या आरमाराशीं इंग्रजांचा पुन्हा झगडा जुंपला, तेव्हां इंग्रजी लिखाणांत प्रतिपक्षाच्या नांवास ‘पायरेट’ हा शब्द चिकटला.

हा शब्द फार टिकाऊ ठरला. क्लेमंट डाउनिंग यानें १७३७ मध्यें जें पुस्तक छापलें त्याच्या मथळ्यांतच आंग्र्यांस ‘पायरेट’ म्हटलें आहे. कर्नल बिडल्फ यांचें १९०७ मधील पुस्तकही मलबारच्या ‘पायरेटां’वर म्हणूनच प्रसिद्ध झालें, व त्यांतील मोठा भाग आंग्र्यांविषयींचा आहे. उलट पक्षीं डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२८ मध्यें मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा विचार करतांना या शब्दाविरुद्ध सप्रमाण आक्षेप घेतला, आणि दा. गो. ढबू यांनीं १९३९ मध्यें कुलाबकर आंग्रे सरखेल यांचा इतिहास मराठी वाचकांच्या हातीं दिला. असें असूनही वाद संपलेला नाहीं. कान्होजीचा कैवार घेणारे कित्येक जण आतां असें म्हणतात कीं, तो ‘पायरेट’ नसून ‘प्रायव्हेटियर’ होता. हा दुसरा शब्द पहिल्याहून सौम्य असल्यामुळें तो आमच्याकडील लोकांस बरा वाटतो. आमच्या मतें हा कैवार आरोपाइतकाच घातक आहे. दोन्ही शब्दांचे अर्थ नीट तपासले असतां कान्होजीस त्यांपैकीं एकही लागूं पडत नाहीं, व सौम्य शब्द स्वीकारण्यानें मुख्य मुद्दाच हातचा जातो, हें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करूं. ‘पायरेट’ हा शब्द मूळचा ग्रीक. प्रयत्न करणें, हल्ला करणें अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला व लॅटिनमधून इंग्रजींत आला. रोमन काळापासून युरोपीय कायदेपंडितांनीं समुद्रावरील लुटारूस साऱ्या मानवजातीचा शत्रू मानिलें आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, त्यास कोणींही धरावें, कोठेंही शिक्षा करावी. त्याच्याशीं तह नाहीं, त्याचा वकील नाहीं, त्याच्याशीं केलेल्या वचनाचें बंधन नाहीं. ‘प्रायव्हेटियर’ हा शब्द त्या मानानें अर्वाचीन. सतराव्या शतकाच्या मध्यास तो रूढ झाला. ‘खासगी’ या अर्थाच्या शब्दापासून तो बनला आहे. जहाज खासगी, भांडवल खासगी, नावाडी खासगी. मात्र युद्ध चालू असतां शत्रूचीं जहाजें पकडण्याचा राजाचा परवाना जवळ. पकडलेलें जहाज आरमारी न्यायालयापुढें नेऊन तें रास्त पकड आहे असा निवाडा घ्यावयाचा, आणि मग राजाचा किंवा आरमारप्रमुखाचा भाग देऊन उरलेली लूट मालकानें व खलाशांनीं वांटून घ्यावयाची. लूट मिळाली नाहीं तर पगारही नाहीं, असा या धंद्याचा सर्वसाधारण करार असे.

दोहोंचें कर्म पुष्कळदा एकच असे; भेद काय तो कागदाचा. हा कागदाचा भेद किती नाजूक होता हें कॅप्टन किड याच्या प्रकरणावरून दिसतें, आणि जुन्या कागदांचा संग्रह करणारांनीं तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. किडजवळ इंग्लंडच्या राजाचे दोन परवाने होते: एक फ्रेंच जहाजें पकडण्याचा व दुसरा चाच्यांस पकडण्याचा. १६९८ च्या जानेवारींत त्यानें मलबारच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हें आर्मेनियन व्यापाऱ्यांनीं भाड्यानें घेतलेलें जहाज धरलें. त्या जहाजाजवळ फ्रेंचांचा परवाना होता, म्हणून आपली पकड रास्त आहे असें त्याचें म्हणणें. परंतु लंडनमध्यें चौकशी चालली तेव्हां तो मागत असलेले फ्रेंच परवाने न्यायालयापुढें आलेच नाहींत. खून व चाचेगिरी या आरोपांवर १७०१ च्या मे महिन्यांत त्यास फांशीं देण्यांत आलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ते परवाने लंडनच्या सरकारी दप्तरांतच सांपडले. कागद पुढें आला असता तर तो कदाचित् ‘प्रायव्हेटियर’ ठरता. कागद दप्तरांत राहिला म्हणून तो ‘पायरेट’ ठरला.

आतां या कसोट्या कान्होजीस लावून पाहूं. कसोट्या तीन आहेत: अधिकार कोणाचा, पकडीचा नियम कोणता, आणि निर्वाह कशावर.

अधिकाराची गोष्ट स्पष्ट आहे. कान्होजी हा सिधोजी गुजर यांच्या हाताखालीं आरमारांत वाढला व त्यांच्या मागें आरमाराचा मुख्य झाला. राजाराम महाराज व नंतर ताराबाई यांच्या पक्षाची त्यानें सेवा केली. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीनें तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला. त्या वेळीं त्याची सरखेली कायम झाली आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग इत्यादि दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांच्या मुलखासह त्याच्याकडे राहिलीं. ‘सरखेल’ हा फारशी शब्द. त्याचा मूळ अर्थ पथकाचा प्रमुख. मराठी राज्यांत तो आरमाराच्या मुख्य अधिकाऱ्याचा किताब झाला. हा हुद्दा युद्धापुरता दिलेला परवाना नव्हे. परवाना युद्ध संपतांच निकामी होतो. हुद्दा शांततेंतही चालतो, त्यास किल्ले, मुलूख, मुतालिक व दफ्तर असतें. ‘प्रायव्हेटियर’ हा शब्द येथेंच लंगडा पडतो. ज्याचीं जहाजें राज्याचीं, ज्याचे किल्ले राज्याचे, त्यास ‘खासगी’ कसें म्हणावें?

दुसरी कसोटी पकडीच्या नियमाची. या किनाऱ्यावर दुसऱ्याचें जहाज अडवून परवाना पाहण्याची चाल आंग्र्यांनीं काढली नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनीं आपला ‘कार्ताझ’ घेतल्याशिवाय कोणीं समुद्रावर फिरूं नये असा दंडक घातला होता व त्याशिवाय फिरणारें जहाज ते जप्त करीत. इंग्रज कंपनीही आपले परवाने देई. मराठ्यांचा कौल व दस्तक हीं त्याच पद्धतीचीं अंगें होत. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर जें प्रकरण आहे, त्यांत आरमारास राज्याचें स्वतंत्र अंग मानिलें असून त्याच्या वर्तनाचे नियम सांगितले आहेत. कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांस अडथळा करूं नये. कौल नसलेल्या परमुलखी व्यापाऱ्यांस दिलासा देऊन बंदरास आणावें व थोडी जकात घ्यावी. शत्रूचें जहाज मात्र धरून आणावें, असा त्या नियमांचा इत्यर्थ आहे. शत्रु, मित्र व तिऱ्हाईत असा हा भेद लुटारू करीत नाहीं, राज्य करतें.

तिसरी कसोटी निर्वाहाची, व आमच्या मतें तीच निर्णायक आहे. आज्ञापत्रकार सांगतात कीं आरमाराचा तनखा मुलखाच्या उत्पन्नांतून नेमून द्यावा. बंदराच्या पैदास्तीवर तो सोंपवूं नये, कारण तसें केल्यास सावकारांस उपद्रव लागून सावकारी बुडते. ‘प्रायव्हेटियर’ची सारी व्यवस्था ज्या तत्त्वावर उभी होती, नेमकें त्याच तत्त्वाचा येथें निषेध आहे. तेथें लूट हाच पगार. येथें पगार लुटीपासून तोडून काढावा अशी आज्ञा. आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचें असून तें कोल्हापूरच्या गादीकडील आहे, व त्या वेळीं कान्होजी शाहू महाराजांकडे होता, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि शिवाजी महाराजांच्या कारभारांत वाढलेल्या मुत्सद्द्यानें राज्याची रीत म्हणून जें सांगितलें, तें दोन्ही गाद्यांस समान असलेल्या वडिलार्जित परंपरेंतलेंच आहे. आज्ञा झाली म्हणजे ती सर्वत्र पाळली गेली असें नव्हे. किंबहुना उपद्रवाचा अनुभव असल्याशिवाय असा इशारा कोणी लिहीत नाहीं. कान्होजीच्या उत्पन्नांत दस्तकाची रक्कम होती, धरलेल्या मालाचा वांटाही होता. परंतु दहा किल्ल्यांखालील मुलखाच्या वसुलावर उभें असलेलें आरमार आणि केवळ लुटीच्या आशेवर बंदर सोडणारें खासगी जहाज, या दोन भिन्न वस्तु आहेत.

मग इंग्रजांनीं ‘पायरेट’ शब्दाचा आग्रह कां धरिला? याचें उत्तर त्यांच्याच व्यवहारांत आहे. १६९५ मध्यें हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानें बादशाहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज लुटलें, तेव्हां सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस कैदेंत पडावें लागलें. ‘पायरेट’ हा शब्द किती महाग पडतो हें कंपनीस तेव्हां कळलें. १७१२ मध्यें कान्होजीनें मुंबईच्या गव्हर्नराचें लहान लढाऊ जहाज धरलें व त्याबरोबर एक इंग्रज बाई त्याच्या हातीं लागली. १७१३ च्या आरंभीं गव्हर्नर एस्लाबी यांनीं तीस हजार रुपये देऊन माणसें सोडविलीं व कान्होजीशीं तह केला. कंपनीच्या जहाजांस उपद्रव देऊं नये असें त्यांत ठरलें. साऱ्या मानवजातीच्या शत्रूशीं तह होत नसतो; तेव्हां १७१३ मध्यें तरी मुंबईच्या दृष्टीनें कान्होजी ‘पायरेट’ नव्हता.

तह मोडला तो पुढील वादावरून. इंग्रजांचें म्हणणें, आमच्या परवान्यानें चालणारा देशी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजांचाच समजावा. कान्होजीचें म्हणणें, सवलत कंपनीच्या जहाजांस आहे. तिच्या निशाणाखालीं हरएक सावकारानें दस्तक चुकवावें असें ठरलेलें नाहीं. हा तहाच्या कलमाच्या अर्थाचा वाद होता, व त्यांत दोन्ही पक्षांस बोलण्यास जागा होती. परंतु प्रतिपक्षास एकदां ‘पायरेट’ म्हटलें म्हणजे कलमाच्या अर्थाचा वाद करावाच लागत नाहीं. त्या शब्दाची खरी उपयुक्तता ही होती. गव्हर्नर बून यांनीं विजयदुर्गावर व नंतर खांदेरीवर चाल केली. दोन्ही वेळां हात हालवीत परतावें लागलें. बून यांच्या मागून आलेल्या फिप्स यांच्याशीं कान्होजीचा जो पत्रव्यवहार झाला, त्यांत कान्होजीनें दिलेल्या उत्तराचा आशय असा आहे कीं, परक्याचें धन घेण्याची हांव व्यापाऱ्यांतही आढळते. आणि शिवाजी महाराजांनीं चार राजांशीं युद्ध करून राज्य स्थापिलें, तेंच आमचें मूळ आहे. ही लुटारूची भाषा नव्हे. राज्याच्या अधिकाऱ्याची आहे.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रजांबरोबर राजाचीं जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. मादागास्करकडील युरोपीय चाच्यांच्या पारिपत्याकरितां त्यास इंग्लंडहून पाठविलें होतें. पुढें १७२४ मध्यें राजाच्या जहाजावरून खासगी व्यापार केल्याबद्दल तोच दोषी ठरला. या स्वारीचा निकाल समुद्रावर लागला नाहीं. शाहू महाराजांच्या आज्ञेनें पिलाजी जाधव व नंतर स्वतः बाजीराव पेशवे फौजेसह अलिबागेस आले, आणि १७२२ च्या जानेवारींत पोर्तुगीजांनीं पेशव्यांशीं तह केला. इंग्रज एकटे पडून मुंबईस परतले. आरमारप्रमुखाच्या भांडणांत राज्याचा मुख्य प्रधान फौज घेऊन उतरतो व राज्याच्या नांवें तह करतो, याहून अधिकाराचा बळकट पुरावा दुसरा कोणता हवा?

आक्षेप घेणारे तीन गोष्टी पुढें करतात. कान्होजीनें कैद्यांबद्दल खंडणी घेतली. पळून आलेले युरोपीय लोक, त्यांत कांहीं चाचेही, आपल्या नोकरींत ठेविले. आणि त्याच्या वंशजांनीं पेशव्यांचीही आज्ञा मानिली नाहीं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. परंतु कैद्यांस पैसे घेऊन सोडण्याचा प्रघात त्या काळीं जमिनीवर व समुद्रावर सर्वत्र होता, आणि परदेशी गोलंदाज बाळगीत नाहीं असा सत्ताधीश त्या शतकांत विरळाच. तिसरी गोष्ट अधिक विचारणीय आहे. कान्होजी १७२९ मध्यें वारला व सेखोजी १७३३ मध्यें. नंतर भाऊबंदकी माजून १७३५ मध्यें बाजीरावांनीं दौलतीची वांटणी केली: संभाजी विजयदुर्गाकडे सरखेल, मानाजी कुलाब्यास वजारतमाब. संभाजीच्या मागें सरखेली तुळाजीकडे आली व त्याचें पेशव्यांशीं वैर वाढत गेलें. यांत दोष कोणाचा किती, हा स्वतंत्र विषय आहे. पण वरिष्ठाशीं बिघडलेला अधिकारी फार तर बंडखोर ठरतो. त्यामुळें तो चाचा ठरत नाहीं. बंडखोरी हें राज्याच्या आंतील नातें मोडणें आहे, चाचेगिरी हें कोणतेंच नातें नसणें आहे. शिवाय पुत्रांच्या काळांतील वर्तन मागें नेऊन वडिलांवर लादणें इतिहासाच्या रीतीस सोडून होईल. विशेषतः जेव्हां संभाजी व तुळाजी हे कान्होजीचेच पुत्र असून त्यांच्या काळचे प्रश्न वेगळे होते.

१७५६ च्या फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं पेशव्यांच्या फौजेच्या साह्यानें विजयदुर्ग घेतला. पेशव्यांच्या साह्यानें पेशवाईचेंच आरमार जळालें, याचें दुःख मराठी वाचकास नवें नाहीं. आमच्या विषयास जें लागू आहे तें निराळें. ही मोहीम मुंबईहून निघण्यापूर्वींच इंग्रज अधिकाऱ्यांनीं सभा भरवून लुटीचे वांटे ठरविले होते, व क्लाइव्हचा वांटा किती असावा यावरून रुसवेफुगवेही झाले होते. किल्ल्यांत सांपडलेले सुमारें दहा लक्ष रुपये त्यांनीं आपसांत वांटून घेतले. मराठ्यांस त्यांतील कांहीं दिलें नाहीं. लुटीवर निर्वाह हीच जर कसोटी, तर त्या दिवशीं विजयदुर्गापुढें ती कोणास लागू पडत होती याचा विचार वाचकांनींच करावा. बरोबर शंभर वर्षांनीं, १८५६ मध्यें, पॅरिस येथें युरोपीय राष्ट्रांनीं जाहीरनामा काढून ‘प्रायव्हेटियर’चा धंदा बंद केला. ज्या शब्दाचा आधार घेऊन कांहीं लोक कान्होजीस निर्दोष ठरवूं पाहतात, तो शब्द खुद्द त्याच्या जन्मभूमींतही शेवटीं त्याज्य ठरला आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या घराण्यास इंग्रजी पुस्तकें ‘पायरेट’ म्हणत आलीं, त्याच घराण्यांतील कुलाबकर रघुजीशीं कंपनी सरकारनें १८२२ मध्यें तह केला, आणि औरस वारस उरला नाहीं म्हणून १८४० मध्यें कुलाबा संस्थान खालसा केलें. चाच्याचें संस्थान नसतें व चाच्याच्या वारसाचा प्रश्नही उद्भवत नाहीं. स्वतंत्र भारताच्या नौदलानें १९५१ मध्यें मुंबईतील आपल्या ठाण्यास आंग्र्यांचें नांव दिलें व १९९८ मध्यें खांदेरीस कान्होजी आंग्रे बेट असें नांव मिळालें, हा त्या जुन्या शब्दास दिलेला अधिकृत जबाब होय. परंतु नामकरणानें इतिहास सिद्ध होत नाहीं. तो कागदांनीं सिद्ध करावा लागतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. किहीम, थळ, आवास, अलिबाग या पट्ट्यांतील जुन्या घरांतून आंग्रेकालीन मोडी कागद हातीं आल्यास त्यांची यादी करतांना ‘चाचेगिरीसंबंधीं’ असा मथळा घालूं नये. मराठींतील ‘चाचा’ शब्दांत अधिकाराचा विचारच नाहीं, त्यामुळें कागदाचें स्वरूप झांकलें जातें. दस्तक, कौल, जकात, धरणूक, आरमाराची नेमणूक, सुटकेची रक्कम असे जे शब्द कागदांत असतील तेच यादींत उतरावे. लहानसें दस्तक देखील टाकूं नये: त्यावर जहाजाचें नांव, मालक, बंदर, मुदत व घेतलेली रक्कम असल्यास सरखेलीचा कारभार कसा चालत होता हें त्याच्याइतकें दुसरें कोणी सांगणार नाहीं. तनख्याचे कागद तर विशेष जपावे, कारण वरील तिसऱ्या कसोटीचा निकाल त्यांवरच लागावयाचा आहे. शिक्का, मोर्तब व सुहूर सन यांची ताडणी झाल्याशिवाय कोणताही कागद प्रमाण मानूं नये. मुंबईच्या रामा कामाठी यांस कान्होजीशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून १७२० मध्यें जन्मठेप झाली व १७२८ मध्यें ते कैदेंतच वारले. ज्या पत्रावर तो आरोप उभा होता तें पत्र बनावट होतें, हें मागाहून उघड झालें. किडचा खरा कागद दडला, कामाठींचा खोटा कागद चालला. दोन्ही वेळां माणूस गेला.

‘पायरेट’ म्हणजे ज्याच्याजवळ कागद नाहीं तो. ‘प्रायव्हेटियर’ म्हणजे ज्याच्याजवळ दुसऱ्यानें दिलेला मुदतीचा कागद आहे तो. आणि सरखेल म्हणजे जो राज्याच्या वतीनें स्वतः कागद देतो तो. कान्होजी दस्तक देत असे, आणि तीं दस्तकें नाकारण्यावरूनच त्याचें व मुंबईकरांचें वैर झालें. तेव्हां इंग्रजींत लिहितांनाही त्यास त्याच्या हुद्द्याच्या शब्दानें, सरखेल म्हणूनच, ओळखावें हें योग्य होय.